इंदूआक्काचं बिऱ्हाड

निपाणीतल्या त्या घराची कडी मी पहिल्यांदा वाजवली तेव्हा माझ्या एका हातात लेमनच्या गोळ्यांचा पुडा होता आणि दुसऱ्या हातात सहा फुगे. फुगवलेले. बाजारपेठेतून मी ते तसेच मिरवत आणले होते आणि वाटेत माझ्याच शाळेतली पोरं "गुरुजी, जत्रा कुटं हाय?" असं विचारून गेली होती. पण माझा तरी काय दोष? संस्थेच्या अध्यक्षांनी सांगितलं होतं, "तिथं आपली सहा मुलं आहेत. मतिमंद, अपंग. जरा लक्ष घाला." मुलं म्हटल्यावर मी मुलांच्या तयारीने गेलो.

दार उघडलं ते गालभर मिशा असलेल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एका धिप्पाड माणसाने. मी तेव्हा तिशीचा. पण 'मुलं' हा शब्द डोक्यात इतका घट्ट बसलेला, की तोंडून निघून गेलं, "बाळ, आई आहे का घरात?"

त्याने मान तिरकी करून जरा विचार केला आणि म्हणाला, "म्हातारी मेली की. लई वर्सं झाली. तुमाला कुणी सांगटलं न्हाय?"

आतून एका बाईचं शिंकणं आणि हसणं एकदमच ऐकू आलं. पदराला हात पुसत ती बाहेर आली. बुटकी, रुंद, कासोटा घातलेली. तिने माझ्याकडे पाहिलं, फुग्यांकडे पाहिलं आणि त्या माणसाला म्हणाली, "दुंडाप्पाण्णा, मास्तरास्नी आत घ्यायचं का न्हाय ते तुमी ठरवा. दार तुमी उगडलंय."

दुंडाप्पाने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "येऊ दे," तो म्हणाला. "पर फुगं भायेर."

तर अशा रीतीने मी, त्या घराचा नवा सेक्रेटरी, फुगे उंबऱ्याबाहेर ठेवून आत गेलो. सेक्रेटरी कसा झालो तेही सांगून टाकतो. कमिटीच्या ज्या बैठकीत निवड होती त्या बैठकीला मी गेलो नव्हतो. जे आले होते त्यांना नाही म्हणता येत होतं.

ती बाई म्हणजे इंदूआक्का. दारावरच्या पाटीप्रमाणे 'व्यवस्थापिका'. तिला विचाराल तर मुकादम. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत तिने बायकांवर मुकादमी केली होती, आणि वखार सुटली तरी मुकादमी सुटली नव्हती. सकाळी उठवताना "भोंगा झाला गं, उठा" म्हणायची. वखारीतल्या तंबाखूची तपकिरी भुकटी तिच्या नखांतून कधी गेली नाही आणि शिंकाही गेल्या नाहीत. बोलता बोलता ती शिंकायची, आणि समोरच्याचं बोलणं आवडलं नाही तर जरा जास्तच शिंकायची. वखार सोडून ती या घरात कशी आली हे मात्र मला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. एकदा म्हणाली, मालकाशी भांडण झालं. एकदा म्हणाली, दम लागायला लागला. आणि एकदा अगदी गंभीर तोंड करून, "दुंडाप्पाच्या मिशा बघून आलो." खोटं बोलताना तिचा चेहरा जितका सरळ असायचा तितका माझा खरं बोलतानाही नसतो.

घरात सहा जण. पुढच्या खोल्यांत पुरुष, मागे आक्का आणि बायका. कुणाला दिसत नव्हतं, कुणाला चालता येत नव्हतं, कुणाला आकडे आणि अक्षरं जमत नव्हती. सगळे जाणत्या वयाचे. घरच्यांनी ठेवून घेतलं नाही किंवा ठेवून घेणारे उरले नाहीत, असे. आक्का त्यांना नावापुढे अण्णा, आप्पा, आक्का लावल्याशिवाय हाक मारत नसे, आणि चिडली की शिव्याही तसंच मानाचं नाव लावून द्यायची.

त्या घराचा एक कायदा होता. कुणाविषयी 'बिचारा' म्हटलं, की म्हणणाऱ्याने लसूण सोलायचा. पहिल्या दिवशी आत येऊन मी टेकतो न टेकतो तोच मला दिसलं, की एक बाई चाचपडत चाचपडत चुलीवरचं आधण उतरवते आहे. मी हळहळून म्हणालो, "अरेरे, बिचाऱ्या!" आधण खाली ठेवून ती बाई वळली. ती चंपाआक्का. जन्मापासून दिसत नव्हतं, पण जिभेला सगळं दिसायचं. "कोण बोललं त्ये?" तिने विचारलं. "नवा मास्तर का? आवाजावरनं लसूण सोलणारा वाटतोयच." माझ्या मांडीवर सूपभर लसूण आला. तो संपतो आहे तोवर मी आणखी दोनदा तो शब्द बोललो होतो. घरी गेल्यावर बायकोने विचारलं, "संस्थेत गेला होतात की खाणावळीत?"

नंतर कळलं, की अध्यक्षांनीही लसूण सोललेला आहे. त्यामुळेच ते स्वतः न जाता मला पाठवत होते.

स्वयंपाक चंपाआक्का करायची, कारण आक्काच्या हाताला चव नव्हती. चंपाआक्का आजारी पडली की आक्का पिठलं करायची आणि सगळं घर तिच्या प्रकृतीसाठी मनापासून देवाला हात जोडायचं. पत्त्यांतही तसंच. जेवणानंतर डाव पडायचा आणि आक्का उघड उघड लबाडी करायची. पानं मांडीखाली, पानं पदरात. दुंडाप्पाला आकडे येत नसत, पण चित्रं कळत. "आक्का, बदामाची राणी मगाशी गेलती. परत कशी आली?" आक्का म्हणायची, "माह्यारला गेलती, आली." मग भांडण. मला वाटायचं, काय ही बाई, असल्या माणसांना फसवते! एकदा तसं बोलूनही दाखवलं. ती शिंकली आणि म्हणाली, "तुमच्या बायकूसंगं पत्ते खेळताना तुमी लबाडी करताय का न्हाय?" मी म्हणालो, करतो. "मग? ह्यांच्यासंगं कुणीच करत न्हाय वो. समदी मुद्दाम हारत्यात." मी लसूण सोलायला घेतला, कुणी सांगितलेलं नसताना.

तिच्या मुकादमीचा मोठा प्रसंग म्हणजे एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मुलाचा वाढदिवस. त्यांना आमच्या 'मुलांना' गोडाचं जेवण घालायचं होतं. मी घाईघाईने होकार देऊन टाकला, कारण त्या व्यापाऱ्यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता आणि भूगोलात नापास होता, त्यामुळे माझा त्यांच्यासमोर उगाच संकोच. ते मोटार घेऊन आले, शिऱ्याची पातेली आली, फोटोग्राफर आला. व्यापाऱ्यांच्या बाईंनी पदर खोचला आणि वाढायला पुढे झाल्या. आक्का आडवी आली. "तुमी पाव्हणं. पाव्हण्यांनी वाढायचं नसतंय. बसा." आणि तिने व्यापारी, बाई, मुलगा, ड्रायव्हर, फोटोग्राफर सगळ्यांना पाटावर बसवलं. वाढलं आमच्या माणसांनी. दुंडाप्पाने शिऱ्याचे असे काही आग्रह केले की व्यापारी हात जोडायला लागले. फोटो कसला काढतो? फोटोग्राफरच्या दोन्ही हातांना शिरा लागलेला. मी दाराआड उभा राहून घामाघूम झालो होतो. जाताना व्यापारी मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, आजवर लई ठिकाणी जेवाण घातलं, पर आमालाच कुणी आग्रव करून वाढलं न्हवतं." ते रागावले होते की खूश होते, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढच्या वर्षी मात्र ते परत आले आणि आधी तारीख विचारून आले.

आता मंगलच्या लग्नाची गोष्ट सांगितली पाहिजे.

दुंडाप्पाची एकुलती एक बहीण शेवंता कडोलीला दिलेली. दर दिवाळीला डबा घेऊन यायची, भावाला ओवाळायची आणि उजेड असतानाच परत जायची. त्या वर्षी ती दिवाळीनंतरच आली, एकटीच, आणि हातात नवं धोतर, शर्टाचं कापड. मी तेव्हा तिथेच होतो. (लसूण.) तिने दुंडाप्पाच्या हातात कापडं ठेवली, त्याच्या पाया पडली आणि आक्काला म्हणाली, "मंगलचं लगीन ठरलंय. कंग्राळीचं स्थळ हाय. दादाचा आशीर्वाद घ्यायला आलतो."

"तारीख सांग की, आमी येतो," आक्का म्हणाली.

शेवंता खाली बघून सांगू लागली, की तिकडच्या मंडळींना दुंडाप्पाचं काही सांगितलेलं नाही. घराण्यात असं असलेलं कळलं तर लोक माघार घेतात, मंगलचं पहिलं एक स्थळ तसंच मोडलं होतं. मामा म्हणून तिच्या नात्यातला कुणी लांबचा भाऊ उभा राहणार आहे. "मी तरी काय करू आक्का? एकच लेक हाय मला."

आमच्याकडे लग्नात नवरीला मांडवात आणतो तो मामा, आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो तोही मामाच. ते काम बापालाही करता येत नाही. आम्हा सगळ्यांना वाटत होतं, दुंडाप्पाचं लक्ष नव्या कापडाकडे आहे. त्याने कापडाची घडी परत घातली आणि म्हणाला, "मंगलचा मामा मीच की. दुसरा कुटला?"

शेवंता रडायला लागली. आक्काने तिला थोपटलं, चहा पाजला, बसला बसवून दिलं. परत येऊन दुंडाप्पासमोर बसली. "अण्णा, तुमाला जायाचंय?"

"व्हय."

"लोकं हासतील."

"मी बी हासीन."

झालं. आक्काचं ठरलं. लपवून नेलं तर भर मांडवात तमाशा होईल, तेव्हा मुलाकडच्यांना आधीच जाऊन सांगायचं. कुणी? "मास्तर, तुमी. तुमचं त्वांड सभ्य हाय."

मी बेळगावची बस धरली, तिथून कंग्राळी. नवऱ्यामुलाचे वडील ओट्यावरच भेटले. भला माणूस. मला पाटलाच्या मानाने बसवलं, पोहे दिले, चहा दिला. मी विषय काढायला जायचो आणि घशाशी आला की गिळायचो. आम्ही भाताविषयी बोललो, बटाट्याविषयी बोललो, सीमाप्रश्न तर जवळजवळ सोडवत आणला. दुसरा चहा झाला. मग मी उठलो, नमस्कार केला आणि आलो.

"काय म्हणाले?" आक्काने विचारलं.

"बटाटा चांगला आलाय म्हणाले."

आक्का इतकी शिंकली की चंपाआक्का स्वयंपाकघरातून पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच गेली, दुंडाप्पाला नवं धोतर नेसवून. शेवंताला न विचारता. तिथे काय झालं ते मला दुंडाप्पाकडूनच कळलं, आणि त्याच्या सांगण्यात म्हैस फार होती. "आक्का म्हणाली, ह्यो नवरीचा मामा, बगून घ्या. मग त्यो मानूस माज्याकडं बगत ऱ्हायला. मग मी म्हशीला हात लावला. आडदांड म्हस, पर काय केली न्हाय. मग त्यो मानूस म्हणाला, बगतो."

"आणि?"

"आनि काय? म्हस चांगली हाय."

'बघतो' म्हणजे काय, हे लग्न जमवणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा. पुढे कितीतरी दिवस काहीच निरोप नाही. आणि मग एका दुपारी शेवंता आली ती दारातूनच ओरडत. "तुला कुणी सांगटलं हुतं गं जायाला? तुझं काय जातंय? माझ्या लेकीचं लगीन मोडलं तर तू आनून देणार हाईस काय दुसरा नवरा?"

आक्का उलट बोलेल म्हणून मी भिंतीला सरकलो. पण ती खाली मान घालून बसली. "चुकलं माझं," म्हणाली. "तुला इचारायला पायजे हुतं."

शेवंता निघून गेली. त्या दिवशी पत्त्यांत आक्काने एकही पान लपवलं नाही. दुंडाप्पा सारखा तिच्या मांडीखाली बघत होता. शेवटी मीच म्हणालो, "आक्का, जाऊ दे, झालं ते झालं. पुन्हा असं करू नका म्हणजे झालं."

"शेवंताला इचारीन," ती म्हणाली. "पर जाईन परत."

आणि मग मुलाचे वडील कडोलीला आले. शेवंताच्या घरी बसले, चहा घेतला आणि एवढंच म्हणाले, "मामासाठी मानाचा फेटा आनायचाय. फेटा एकच आननार. कुटल्या मामाला बांदायचा ते तुमी ठरवा. दोन दोन मामा संभाळायला मला जमायचं न्हाय." लग्न मोडलं नाही. पण ठरवायचं होतं शेवंताने, आणि शेवंताचा निरोप आला तो "समद्यांनी या" एवढाच. या, पण कशासाठी, ते नाही.

आक्काने तरीही तालीम सुरू केली. पुढच्या खोलीत दोरीवर टॉवेल टाकून अंतरपाट केला. नवरी चंपाआक्का, तिच्या पाठीशी दुंडाप्पा, भटजी स्वतः आक्का. तिच्या आवाजात सूर नावाची गोष्ट नव्हती. नवरा कमी पडत होता. मी गेलो आणि सापडलो. डोक्याला उशीचा अभ्रा, हातात झेंडूचं एक फूल, अशा अवस्थेत मी उभा असताना आमची मंडळी मला शोधत तिथे आली. तिने दारातूनच सगळं पाहिलं. "चालू द्या," म्हणाली. "माझा आहेर आणायचा राहिलाय."

चंपाआक्का टॉवेलाच्या पलीकडून म्हणाली, "वैनी, न्या तुमचा तुमाला. मला लसणाचा वास सोसंना."

लग्नाला मी, माझी बायको, आक्का आणि दुंडाप्पा असे गेलो. कडोलीत घरासमोरच मांडव. पाहुण्यांची गर्दी. तो लांबचा मामा मांडवाच्या खांबाला टेकून बोडक्या डोक्याने उभा होता आणि बायकांमधून शेवंता इकडून तिकडे नुसती फिरत होती, हातात ताट, ताटात गुलाबी फेटा. तिचं आमच्याकडे लक्ष गेलं. दुंडाप्पा मिशांना तेल लावून, हात बांधून, आक्काने शिकवलं होतं तसा ताठ उभा. मुलाचे वडील पलीकडे खुर्चीवर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होते. लांबचा मामा खांबापासून जरा पुढे सरकला. मी माझ्या बायकोचा हात धरला, जे मी चारचौघांत कधी करत नाही.

शेवंता चालत आली ती दुंडाप्पापाशीच थांबली. तिला त्याच्या डोक्यापर्यंत पोचता येईना.

"दादा," ती म्हणाली, "खाली वाक की."

तो वाकला. कुणीतरी पुढे होऊन फेटा बांधला. लांबचा मामा पुन्हा खांबाला टेकला, आणि मला वाटतं, त्यालाही जरा हायसं झालं असावं. दुंडाप्पाने भाचीला मांडवात आणलं. मंगलाष्टकं सुरू झाली. सगळं ठीक चाललं होतं आणि घोटाळा केलाच तर तो मी. पहिल्याच कडव्याला भटजींनी श्वास घेतला, तो शेवट समजून मी मूठभर अक्षता एकट्यानेच फेकल्या. लोक हसले ते मला. दुंडाप्पा हलला नाही. उलट शेवटच्या 'सावधान'नंतर वाजंत्री सुरू झाली तरी त्याचे हात मंगलच्या खांद्यांवरच. "मामा, सोड की आता," ती हळूच म्हणाली. "धरून ठेवतोस काय?" शेजारची म्हातारी म्हणाली, "समद्या मामांचं असंच आसतंय गं."

मी आनंदाने आक्काला शोधायला लागलो. ती मांडवात नव्हती. बायकांत नव्हती, चुलीकडे नव्हती. बघतो तर पार रस्त्यापर्यंत पोचलेली, बसस्टॉपकडे, पिशवी काखेत. जेवण नाही, निरोप नाही. मला वाटलं, शेवंताने त्या दिवशी केलेलं भांडण हिच्या मनात अजून आहे, रुसून निघाली. म्हणून मांडवाच्या तोंडाशी उभा राहून मी पट्टीच्या मास्तराच्या आवाजात ओरडलो, "आक्का! अहो आक्का! संस्थेच्या माणसाला इथं ठेवून कुठं निघालात?"

वाजंत्री नेमकी तेव्हाच थांबली होती. आक्काने वळून बघितलं नाही. फक्त एक हात मागच्या मागे हलवला, गप बसा म्हणून, आणि चालत राहिली. बस आली. एक शिंक मला तिथवर ऐकू आली, की नुसतीच वाटली, देव जाणे. तिच्या नंतरच्या कितीतरी भेटी झाल्या, पुढे माझी बदली झाली, पण आक्का म्हटलं की मला ती तशीच दिसते. पाठमोरी, घाईत, एक हात मागे हलवणारी.

परत वळलो तर मांडवातले पाचपन्नास चेहरे दुंडाप्पाकडे वळलेले, आणि मानाच्या पंगतीत दुंडाप्पाच्या शेजारचा पाट रिकामा. आता याची काळजी आपल्यालाच घ्यायला हवी, असं म्हणून मी तिकडे निघालो. बायकोने मागून शर्ट धरला.

"एवढंही कळलं नाही तुम्हाला?" ती म्हणाली. "ती जवळ असली की तो संस्थेतला माणूस. ती नसली की तो नुसता मामा. म्हणून उपाशी गेली ती, आणि तुम्ही ओरडून सांगताय! चला, आपण मागच्या पंगतीला बसू."